भूमय्या मामांची जीभ

आमचे घरमालक भिंत चाटत्यात.

तुमी म्हनाल ही बाई काय बी सांगती. पन मी डोळ्यांनी बगितलंय, आन एकदा न्हाय, रोज बगती. पयल्यांदा बगितलं तवा आमी शुक्रवार पेठेत खोली बगायला आलतो. आमची चिमी पाच म्हैन्यांची, माझ्या काखंत, आन आमचे हे भाईर चपला काढत व्हते. मी आत पाय टाकला तर एक म्हातारा मानूस भिंतीला नाक लावून उभा. डोळे मिटलेले, जीभ भाईर. मी तितंच थिजले. मला आधीच सगळ्याचं भ्या वाटतं, पालीचं, कुकरच्या शिट्टीचं, अनोळखी नंबरवरनं फोन आला तर त्याचं, आन हितं तर घरमालकच असा.

त्यांनी डोळे उघडले, मला बगितलं, तोंडातल्या तोंडात चव घेतली आन म्हनले, "चिंचोक्याची हाय. बारा वर्सं झाली, अजून धरून हाय."

मग हसून म्हनले, या की आत, बिड्डा. बिड्डा म्हंजी तेलगूत लेकरू. मला म्हनले का चिमीला म्हनले ते त्या दिवशी कळलं न्हाय. आता कळलंय, दोघींना म्हनत्यात.

त्यांचं नाव भूमय्या मामा. विणकराच्या घरातले, घरात तेलगू, गल्लीत मराठी. घर तरी कसलं, वरच्या खोलीत एकटेच. मामी वारून चार वर्सं झाली, पोरगं हैदराबादला. जन्म सगळा मिलमदी गेला, सायझिंग खात्यात. म्हंजी काय ते मला बी आधी ठावं नव्हतं. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावावी लागती, कांजीच की ती, न्हायतर धागा तटातटा तुटतो. ती खळ शिजवायचं काम मामांचं. केवढी मोठी कढई म्हनं, चिमी आन मी दोघी आत उभ्या ऱ्हाऊ एवढी. खात्याचे मास्तर लोक खळ तपासायला काचंची नळी घेऊन यायचे. मामा नुसतं बोट बुडवून जिभंच्या कडंला लावायचे आन सांगायचे, कशाची हाय, किती शिजली, पानी किती. नळीचं आन जिभंचं जुळलं न्हाय तर मास्तर नळी बदलायचा, असं मामा सांगत्यात. मी काय तितं नव्हते.

मिल बंद पडून लई वर्सं झाली, पन त्या जिभंला कुनी सांगितलंच न्हाय.

लग्नाची पत्रिका आली की मामा नावं वाचायच्या आधी पाकिटाची कड चाटत्यात. गल्लीतल्या एका लग्नाला ते गेलेच न्हाईत. मैदा हाय म्हनले, त्यात बी पानी जास्त, असल्या घरी पंगतीत काय वाढनार. आन खरंच, जी लोकं जेवून आली ती म्हनली, आमटीत डाळ हुडकावी लागली. एकदा ह्यांचा इस्त्रीचा शर्ट दोरीवर लटकवलेला व्हता. मामांनी जाता जाता त्याची कॉलर चाटली आन साबुदाना म्हनून पुढं गेले. ह्यांनी खिडकीतनं बगितलं. आठ दिवस तो शर्ट घातला न्हाय त्यांनी. मी परत धुतला तरी न्हाय.

आनखी एक हाय. मामांचं घड्याळ अजून मिलचंच हाय. दुपारी चारला दुसरी पाळी लागायची म्हनून मामा चारला काम चालू करत्यात, काम नसलं तरी. आन चालू करायच्या आधी जिन्यात उभं ऱ्हाऊन तोंडानं भोंगा वाजवत्यात. भोंऽऽ. एवढा मोठा की पयल्या दिवशी माझ्या हातातलं पीठ सांडलं. चिमी मात्र खिदळली. त्या पोरीला कशाचंच भ्या न्हाय, कुनावर गेली काय की.

आता भिंतीचं सांगते.

आमच्या खोलीतल्या एका भिंतीला वॉलपेपर व्हता. पुऱ्या भिंतीवर बर्फाचे डोंगार, खाली तळं, तळ्यात एक बदक. मामा म्हनत्यात हंस हाय, मला बदकच वाटतं. उन्हाळ्यात सोलापुरात भिंती तापून घामाच्या धारा लागत्यात आन आमी त्या बर्फाकडं बगत भाकरी खायाचो. तो कागद मामांनी आन मामींनी सून येनार म्हनून चिकटवलेला. दुकानातला डिंक नको म्हनून मामांनी सोता चिंचोक्याची खळ केली, मिलच्या रीतीनं. सून आली, आठ दिवस ऱ्हायली, आन दोघं हैदराबादला गेली. कागद ऱ्हायला.

बारा वर्सांत खालनं ओल चढली. बदकाच्या पोटाखाली काळं काळं झालं. चिमी रांगायला लागली आन तिला तेवढंच गावलं. नखानं कागद सोलायची आन खायाची. रोज तिच्या तोंडातनं मी तळ्याचा तुकडा काढायची. मग तिला खोकला धरला, तो जाईना. दवाखान्यातल्या सिस्टरला मी एक तुकडा दाखवला, तर तिनं वास घेऊन तोंडच वाकडं केलं. बुरशी हाय म्हनली, लेकरू छातीत घेतंय, हा कागद भिंतीवरनं काढा, औषध मग लागू पडंल. सकाळ-संध्याकाळ वाफारा द्या. वाफेचं छोटं मशीन घ्यायला लावलं.

घरी आल्यावर ह्यांनी कोपरा धरला आन फर्रकन ओढला. कागद आला वीतभर, आन त्याच्यासंगं भिंत आली भाकरीएवढी. जुनं घर हो, आत दगड-माती, वरनं नुसता चुन्याचा पापुद्रा. माती भळाभळा खाली. मी चिमीला घेऊन दारात पळाले, मला वाटलं आता सगळं घरच येतंय.

मामा वरनं कवा आले कळलंच न्हाय. खाली बसले, भिंतीच्या त्या भोकावर ओला टॉवेल धरला आन ह्यांना म्हनले, तुमी भाईर जावा. जशी आत बाळंतीन हाय. मग टॉवेल तसाच धरून मला म्हनले, "ओढायचं न्हाय, बिड्डा. सोडवायचं. ओढलं की दोन्ही बी जातंय, कागद बी आन भिंत बी."

ठरलं असं की कागद मामाच काढनार, रोज चारला, भोंगा झाल्यावर.

त्यांची रीत काय सांगू. आधी भिंतीला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक करायचं, पोकळ कुटं वाजतंय ते बगायचं. मग जिभंनं खळ कुटं ढिली झाली ते बगायचं. मग कोमट पान्यात बुडवलेला टॉवेल पिळून तितं दाबून धरायचा, अर्धा अर्धा तास. आमच्याकडं नळाला पानी येतंय चार-पाच दिवसांनी, आन ह्यांना भिंतीला शेक द्यायचा. म्हनून मी तांदूळ धुतलेलं पानी ठेवायची, चिमीच्या आंगोळीचं ठेवायची. कागद फुगला की माझं लाकडी उलथनं भिंतीला आडवं टेकवून वरनं खाली सरकवायचं, टोक लावायचं न्हाय. सुरी तर खोलीत आनू द्यायचे न्हाईत. त्यांना वाफेचं मशीन दिसलं आन मग काय, वाफारा वाटून घ्यायला लागले. धा मिनटं लेकराला, धा मिनटं भिंतीला. चिमी आपला नंबर संपला की रडायची. मामा तिला समजावायचे, आता तिची पाळी हाय म्हनून, भिंतीकडं हात करून.

दिवसाला वीतभर. त्याच्या वर एक बोट न्हाय.

टॉवेल धरून बसलं की मामा मला खळ शिकवायचे. चार बश्या मांडल्या एक दिवस, चिंचोका, मैदा, साबुदाना, तांदूळ. शेंड्यानं न्हाय, म्हनले, जिभंच्या कडंनं घे, शेंडा खोटं बोलतो. चिंचोका तुरट लागतो, घसा धरतो. मैदा गोडसर. साबुदान्याला चवच न्हाय, म्हनूनच कळतो. पयल्या दिवशी मी सगळं चुकले. तिसऱ्या दिवशी डोळे झाकून चारीच्या चारी सांगितलं. मामा म्हनले, "पयला नंबर."

मला आजपतोर कुनी पयला नंबर म्हनलं नव्हतं. सातवीत शाळा सुटली, नंबर बिंबर काय न्हाय. मी सांजच्याला ह्यांना सांगितलं, तर ते म्हनले, आता तू बी चाटायला लागलीस का.

पन खोकला काय जाईना. आन एक दिवस हे जेवता जेवता म्हनले, येत्या अमुशापतोर बगू. कागद निगाला तर निगाला, न्हायतर होटगीला दादाकडं जायाचं, क्वाटरमदी एक खोली मोकळी हाय. थोरले दीर रेल्वेत हायत. दिरांचं काय न्हाय, देवमानूस. पन जाऊबाई. त्या भाकरी मोजत न्हाईत, पन भाकरीकडं बगत्यात. त्यांच्या नुसत्या बगन्यानं माझ्या हातातली भाकरी फाटती. लगीन होऊन आले तवा वरीसभर तितं व्हते मी, मला ठावं हाय. मला पालीसंगं ऱ्हायला सांगा, ऱ्हाईन.

हे मामांना सांगावं असं लई वाटलं. पन घरातली गोष्ट भाईर कशी सांगायची, म्हनून गप ऱ्हायले. नुसतं म्हनायची, मामा, जरा बिगीनं व्हईल का. मामा म्हनायचे, खळ जुनी हाय, तिला घाई चालत न्हाय.

मग भुताचं चालू झालं.

काल बदकाची मान सुटली व्हती, लोंबत व्हती, मी डोळ्यांनी बगितली. आज दुपारी बगते तर मान जाग्यावर. चिकटलेली. मला वाटलं मीच चुकले. दुसऱ्या दिवशी डोंगराचा शेंडा सुटला, तिसऱ्या दिवशी परत गच्च. सोळा दिवस झाले, भिंत हाय तेवढीच. मामींनीच चिकटवलेला कागद, मामी गेलेल्या, आता त्यांना आवडत न्हाय का काय आपन काढतोय ते. मी दाराला लिंबू-मिरची बांधली. ह्यांना सांगितलं तर म्हनले, भुताला काय दुसरा धंदा न्हाय का. मी चिमीला त्या भिंतीकडं पाय करून झोपवायचं बी बंद केलं.

त्या दिवशी अंगणवाडीतनं चिमीचं वजन करून आले. रोज अकराला मी चिमीला खेळवायला तिकडं जाती, पयल्या दिवसापास्नं, खोलीची चावी मामांकडं ठेवून. वजन पावशेर उतरलेलं. बाईंनी काटा परत एकदा बगितला, मग माझ्याकडं बगितलं. घरी आले तर बदकाची मान परत चिकटलेली, आन कागद ओला. हाताला गार लागला. भूत पानी लावतं का?

मला काय झालं काय की. मी चिमीला खाली ठेवलं, भिंतीजवळ गेले, डोळे झाकले आन जीभ लावली. शेंडा न्हाय, कड.

तुरट न्हाय. गोडसर न्हाय. आन ही चव मला शिकवायची गरजच नव्हती. आमच्या माहेरी सांगोल्याकडं सकाळ व्हती ती ज्वारीच्या आंबिलानं. शेरडं राखायला जायाच्या आधी तेच प्यायचं, जन्मल्यापास्नं तेच. ही ज्वारी हाय. आन ताजी, आजच्या सकाळची. मी जाऊन पिठाचा डबा उघडला. पीठ थापटून मी वर बोटं उमटवून ठेवती, होटगीची सवय ती. आज बोटं नव्हती.

मी चिमीला उचललं आन जिना चढले. चार म्हैने झालते ऱ्हायला येऊन, वर कदी गेले नव्हते. एक खाट, एक स्टो, स्टोवर पातेलं. मामा पाठमोरे बसून पळीनं हलवत व्हते.

"मामा, ही चिंचोक्याची न्हाय," मी म्हनलं. "ज्वारीची हाय. माझ्याच डब्यातली."

पळी थांबली. मामा वळले न्हाईत. मग म्हनले, "पयला नंबर."

मला हसू बी आलं न्हाय, रडू बी आलं न्हाय. मी कुनावर कदी आवाज चढवला न्हाय, तवा बी चढला न्हाय, पन थांबला बी न्हाय. बुरशीचं सांगितलं, पावशेराचं सांगितलं, अमुशाचं, होटगीचं, जाऊबाई भाकरीकडं कसं बगत्यात ते सुदिक सांगितलं. श्वास घ्यायला थांबले तवा चिमी खोकली. तिच्या खोकन्यानं मामा वळले.

होटगीचं त्यांना कुटं ठावं व्हतं. मीच सांगितलं नव्हतं. आन त्यांनी जे केलं ते मला कुटं ठावं व्हतं.

"मिल बंद पडली तवा सकाळी कढई चढवलेली," मामा पातेल्याकडं बगत म्हनले. "सूत आलंच न्हाय. सांगायला बी कुनी आलं न्हाय. मी सांजपतोर हलवत बसलो. थांबलं की गुठळी व्हती ना, बिड्डा."

मग उठले, पातेलं न्हानीत नेऊन पालथं केलं, आन वरनं तांब्यानं पानी ओतलं.

त्या दिवशी भोंगा चारला वाजला न्हाय. साडेबाराला वाजला.

मामांनी घरातले सगळे टॉवेल काढले. मिलमदी मिळालेले, अजून घडी न मोडलेले, मामींनी पेटीत ठेवलेले ते बी काढले. मी कोमट पानी करत ऱ्हायले, मामा टॉवेल दाबत ऱ्हायले, वरनं खाली, एका वळीत. वाफेचं मशीन चिमीला एकदा दिलं आन मग सगळा येळ भिंतीला. बोलायचं न्हाय, शिकवायचं न्हाय. चाटायचं सुदिक न्हाय. ह्या मानसाला पयल्या दिवसापास्नं ठावं व्हतं कागद कुटं कुटं सुटतोय.

सांजच्याला हे कामावरनं आले तर दारातच उभे ऱ्हायले. मी एका बाजूनं आन मामा दुसऱ्या बाजूनं, दोघांनी पुरा डोंगार हातात धरलेला, जशी दोघीजनी साडीची घडी घालत्यात तसा. तळं, बदक, बर्फ, सगळं एका तुकड्यात. कुटं फाटला न्हाय, ह्यांनी ओढलेली ती वीत सोडून. आन भिंत? मला वाटलं मागं काय तरी असंल, कुनाचं नाव, मामींच्या हाताचं कायतरी. काय नव्हतं. नुसती भिंत, पांढरी, एक टवका उडालेला न्हाय. खालची काळी ओल मामांनी उलथन्यानं हळूहळू खरवडली, भाकरीएवढं भोक बुजवलं. दोन दिवस वाळू दिली, मग ह्यांनी चुना मारला.

होटगीचं नाव परत निगालं न्हाय. आठवड्यात चिमीचा खोकला उतरला, म्हैन्यात पावशेर भरून आला.

पन चुना मारला त्या दिवसापास्नं मामा यायचे बंद झाले. चार वाजायचे, जिन्यात काय न्हाय. मी मुद्दाम दार उघडं ठेवायची. वर पळीचा आवाज न्हाय, कशाचाच न्हाय. खाली पानी भरायला आले तर मान खाली घालून जायाचे, पीठ चोरलेल्या मानसासारखे. मला कसं बोलावं कळंना. मी मानसं बोलावनारी बाई न्हाय, मी दाराआड उभं ऱ्हानारी.

चौथ्या दिवशी चार वाजले. चिमी भिंत धरून उभी व्हती, कोऱ्या भिंतीला. जिन्याकडं बगितलं आन म्हनली, "भों." आई म्हनाय अजून येत नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातली ज्वारी घेतली, पातळ कालवली, शिजवली, गुठळी होऊ दिली न्हाय. घडी घालून ठेवलेल्या डोंगरातनं बदक तेवढं कातरलं, खालचं काळं सोडून, कोरडं व्हतं ते. स्टुलावर चढले, स्टुलाचं बी भ्या वाटतं मला, आन दाराच्या वर उंच चिकटवलं, चिमीचा हात काय, बाप्याचा हात बी पोचायचा न्हाय. मग जिन्यात उभं ऱ्हाऊन वर बगून म्हनलं, मामा, एक तुकडा ऱ्हायलाय हो.

लई येळानं मामा उतरले. स्टूल लावून वर चढले, पाय लटलटत व्हते, मी स्टूल धरलं. त्यांनी डोळे मिटले आन जीभ लावली, कड. मी खाली उभी. ज्या जिभंनं मास्तरची नळी बदलायला लावली त्या जिभंला आजच्या सकाळची ज्वारी कळनार न्हाय का.

मामांनी तोंडातल्या तोंडात चव घेतली. मग माझ्याकडं न बगता म्हनले, "लई जुनी खळ हाय. दिवस लागत्याल."

म्हनलं, लागू द्या की. च्या ठेवते.

आता रोज चारला भोंगा व्हतो. बदकाची कड सुटती, आमी च्या पितो, चिमी मामांच्या मांडीवर बसून टॉवेल चोखती. आन रोज अकराच्या आधी मी स्टुलावर चढती. परवा हे जेवता जेवता वर बगून म्हनले, सगळा डोंगार एका दिवसात निगाला आन हे एवढंसं बदक म्हैना झाला निगंना, काय भानगड हाय.

मी ताटात भाकरी वाढली आन म्हनलं, मला काय ठावं. भूत असंल.